राक्षसाच्या भुवया

मासिकाच्या शेवटच्या अंकाचं शेवटचं चित्रपान संपादकांनी भिंग लावून बघायला घेतलं, तेव्हा चित्रकार खुर्चीच्या कडेवर सरकला. मासिक बंद पडतंय याचं दुःख सगळ्या ऑफिसला होतं. चित्रकाराला वर धास्तीही होती. अकरा वर्षं काचेपलीकडच्या केबिनकडे बघत बघत तो चित्रकथेतला राक्षसराज काढत आला होता. झुपकेदार भुवया, पेनानं कान खाजवणं, सगळं संपादकसाहेबांचं. आणि दुसऱ्या प्रकाशनासाठीचं त्याचं शिफारसपत्र साहेबांच्याच टेबलावर सहीविना पडलं होतं. ते हुकलं तर पन्नाशीत दारोदार हिंडणं आलं.

“चित्रात काय काय दडवलंय, ते जाता जाता वाचकांना सांगून टाकू,” संपादक म्हणाले. “हा सिंहासनाखाली कान तुटलेला कप कसला?”

तसाच कप त्या क्षणी साहेबांच्या कोपराशी होता.

“शापित पात्र आहे, साहेब. त्यातून पिणाऱ्याला झोप येत नाही.”

“खरंय,” म्हणत साहेबांनी लिहून घेतलं. “आणि या भुवया?”

चित्रकाराची बोबडी वळली. “आमचे... मामा. त्यांच्या होत्या तशा.”

“होत्या? म्हणजे गेले का?”

मामा ठणठणीत होते आणि सध्या चित्रकाराच्याच घरी मुक्कामाला होते. पण जीभ घसरली ती घसरलीच. “गेले, साहेब.”

“अरेरे! फोटो आणा त्यांचा. आदरांजली छापू.”

“फोटो जळाला.”

“कसा काय?”

“घरच जळालं.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि तेही सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. तेव्हा कुठे चित्रकाराला आई आठवली. ती हे मासिक पानन् पान वाचायची, जाहिरातींसकट. तिच्या एकुलत्या एका भावाला त्यानं घरासकट जाळून ठेवलं होतं.

“खोडा ते, साहेब,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला. “मामा जिवंत आहेत. त्यांना भुवया नावालाच आहेत. या तुमच्या आहेत. कपही तुमचाच.”

“ठाऊक आहे. तिसऱ्या अंकापासून.”

“मग मामांना का जाळू दिलंत?”

“तुम्ही कुठवर जाता ते बघत होतो,” संपादक म्हणाले, पण हसले नाहीत. “आमच्या हिनं ओळखलं होतं. ते पान तिनं फ्रिजवर चिकटवलं. मी तर संतापलोच होतो. सातव्या अंकात लेखकानं राक्षसाला मारलं, तेव्हा म्हटलं, सुटलो. तर ही म्हणते, तो मेला तर मी तुमचं मासिक हातात धरायची नाही. मग खोडलं. लेखक दर वर्षी मारायचा, मी दर वर्षी खोडायचो. ती गेली, तरी खोडत राहिलो. फ्रिजवरचं पानही काढवत नाही.”

चित्रकाराला स्वतःची लाज वाटली. साहेबांनी पत्र पुढे ओढलं, सही केली आणि त्याच्या हातात दिलं. मग त्यांचं बोट पुन्हा त्या पानावर गेलं. राक्षसराज आडवा पडला होता, छातीत भाला, आणि समोर वीर हात उंचावून उभा.

“पुढचा अंक तर नाहीच आपला,” ते हळूच म्हणाले. “मग मारलाच पाहिजे का हो याला?”

चित्रकारानं पांढऱ्या रंगाची बाटली उघडली. भाला पुसायला दोन मिनिटं लागली. वीराचा उंचावलेला हात तेवढा तसाच राहिला. राक्षसाचा निरोप घेत असल्यासारखा.