रतनला बघायला आलेले पाहुणे

दिघीच्या गेनूकडे त्या आठवड्यात दोन पाहुणे यायचे होते, आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडू नये अशी चोख व्यवस्था त्याच्या थोरल्या भावाने, दादूने केली होती. शनिवारी पुण्याच्या बहिऱ्या-मुक्या मुलांच्या शाळेतून मास्तर येणार होते. ते गेनूच्या धाकट्या लेकीला, सात वर्षांच्या रतनला बघणार होते. रविवारी चाकणचे दौलतराव थोरल्या अंबूला आपल्या मुलासाठी बघायला येणार होते. रतनला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ही गोष्ट दादूने दौलतरावांच्या कानावर घातली नव्हती. आधीची दोन स्थळं तेवढ्यावरूनच ओसरीवरून परतली होती. म्हणून रविवारी रतनला भोसरीला आजोळी धाडायचं ठरलं होतं.

शनिवारी दादू पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात पहिल्या पाळीला गेला. अंबू गवताला रानात गेली. दुपारी कोट-फेटा घातलेले एक भारदस्त गृहस्थ अंगणात येऊन उभे राहिले. ते दौलतराव होते. एक दिवस आधीच आले होते. पण गेनूने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे हेच मास्तर असं धरून त्याने घोंगडी अंथरली.

"पोरीला बघायला आलाय न्हवं?"

"व्हय, पोरीलाच," त्याच्या तोंडाकडे निरखून बघत पाहुणे म्हणाले.

गेनूने खरं ते आधीच सांगून टाकलं, की पोर ऐकत नाही, बोलत नाही, पण डोक्याने तल्लख आहे. पाहुण्यांनी समाधानाने मान डोलावली. वय विचारलं, गेनूने सात सांगितलं. सतरा म्हणजे अगदी योग्य, असं पाहुणे म्हणाले. शिकलेली माणसं अशीच थट्टा करत असतील, असं गेनूला वाटलं. पोरीला कधी नेणार, असं त्याने विचारलं, तेव्हा पाहुण्यांनी तिथी काढू म्हणून सांगितलं. शाळेलाही तिथी बघतात हे ऐकून तर गेनूला बरंच वाटलं.

"आन मग ऱ्हायला तिथंच?"

"मग काय? एकदा आली की जल्मभर आमचीच."

दाराआड गवराबाईच्या हातातली बशी वाजली. परक्या पुरुषासमोर कधी न येणारी ती बाई पदर सावरत पुढे आली आणि निदान दिवाळीला तरी लेकीला धाडा म्हणून काकुळतीला आली. पाहुण्यांनी तिची समजूत घातली. पहिल्या दिवाळीला तर धाडायचीच असते, सोबत आमचा मुलगाही येईल, असं ते म्हणाले. मास्तरांचा मुलगा कशाला, हे तिला कळलं नाही. पण दिवाळी मिळाली होती, तेवढं तिला पुरे होतं.

मग तिने रतनला बाहेर आणलं. घट्ट वेणी, नवं परकर-पोलकं. दौलतरावांनी तिच्यामागे नवरी मुलगी दिसते का पाहिलं. दारात दुसरं कोणी नव्हतं. गवराबाईने रतनच्याच खांद्यावर हात ठेवला, तसे दौलतराव उठून उभे राहिले.

"माझा पोरगा बाविशीचा हाय. कायदा तरी बघा, गड्या."

एवढ्यात छत्री मिटत एक बाई अंगणात आल्या. आपण यशोदाबाई, रतनसाठी शाळेतून आलो आहोत, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या पाठोपाठच पाळी सुटलेला दादू आला. रविवारचा पाहुणा शनिवारी ओसरीवर, रतन मध्यभागी आणि समोर बहिऱ्यांच्या शाळेच्या बाई, हे पाहून त्याला दरदरून घाम फुटला. ही शेजाऱ्यांची पोर आहे, असं त्याने दौलतरावांना सांगितलं. गवराबाईने, ही माझीच आहे, असं त्याहून मोठ्याने सांगितलं. शनिवारी नको, रविवारी या, असंच मी बजावलं होतं, असं दादू कोनाड्याकडे तोंड करून म्हणू लागला. गेनू, तुम्ही मास्तर नव्हे तर कोण, म्हणून विचारत राहिला. सगळे एकदम बोलत होते आणि दौलतरावांची नजर गोंधळून एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर धावत होती.

रतन ते बघत होती. ती पुढे झाली, टाचा उंचावून दौलतरावांची हनुवटी दोन बोटांत धरून तिने त्यांचा चेहरा आईकडे वळवला. आई थांबली तसा बापाकडे वळवला. मग ती दादूकडे गेली आणि त्याचा कोनाड्याकडे वळलेला चेहरा तिने ओढून पाहुण्यांसमोर आणला.

यशोदाबाईंनी तोंडासमोर पदर धरला आणि दौलतरावांना त्यांचं नाव विचारलं.

"नको, आताच घेतला चहा," दौलतराव म्हणाले.

बाईंनी पदर खाली केला. "कधीपासून ऐकू येत नाही तुम्हाला?"

दौलतराव घोंगडीवर बसले. फेटा काढून त्यांनी मांडीवर ठेवला.

"खाणीवर सुरुंग उडवून उडवून गेले कान. पोराचं जमंस्तवर कुणाला कळू द्यायचं न्हवतं. घरात बहिरं हाय म्हटल्यावर पोरगी कोण देणार?"

दादूने पुढच्या थापेसाठी उघडलेलं तोंड मिटलं. आधी गेनूला हसू फुटलं, मग दौलतरावांना. नेमकी त्याच वेळी अंबू गवताचा भारा घेऊन दारात आली आणि हसणाऱ्या परक्या माणसाला बघून तशीच आत पळाली. पण पसंत करायला दौलतरावांना तेवढं पुरलं.

रतनला यशोदाबाईंनी त्याच दिवशी शाळेत घेतलं. ओठांकडे बघायचं असतं, हे शिकवण्यातच आपलं पहिलं वर्ष जातं, ही पोर तर दुसऱ्यालाही शिकवते आहे, असं त्या म्हणाल्या. दौलतरावांनी त्यांना हात जोडले. मला मागच्या बाकावर बसू द्या, लग्न पुढच्या वैशाखात करू, तोवर पोराची मंगलाष्टकं भटजींच्या तोंडावर वाचता यायला हवीत, असं त्यांनी सांगितलं. जूनपासून ते दर शनिवारी येष्टीने पुण्याला जाऊ लागले. ते चुकले की रतन डोळे वटारायची आणि ते मुकाट्याने पुन्हा बघायचे.

वैशाखात लग्न लागलं. मांडवाच्या पार टोकाला दोघीजणी कुजबुजत होत्या, की सासरा ठार बहिरा, नवरीची बहीण तसलीच, यांचं कसं व्हायचं. दौलतराव लाडवांचं ताट घेऊन थेट तिकडे गेले.

"बरं चाललंय, वहिनी. लाडू घ्या."

त्यानंतर मांडवातली प्रत्येक बाई तोंडाला पदर लावून बोलू लागली.

पंगतीच्या वेळी पोरींच्या घोळक्यातून रतनने लांबूनच ओठ हलवून काहीतरी म्हटलं. दौलतराव इतके हसले की त्यांचा फेटा कलला. आवाज कुणालाच आला नव्हता. पोर काय म्हणाली, हे दादूने दोनदा विचारलं.

"तुझ्याबद्दलच व्हतं," असं म्हणून दौलतरावांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.