विषय धरणारा अँटेना

कराडात घराच्या छतावर अँटेना बसवायचा, तर त्याच्या बदल्यात घरातलं काहीतरी बोलणं सोडावं लागतं. बाहेरचे आवाज आत यायचे तर आतले थोडे कमी व्हायला हवेत, इतकी ती साधी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल गावात कुणाची तक्रार नाही. शनिवार पेठेतल्या पोतदारांनी लांबची स्टेशनं नीट लागावीत म्हणून राजकारण सोडलं. त्यांच्याकडे ऐन निवडणुकीतसुद्धा फक्त लोणच्याच्या गप्पा चालतात, आणि लोणचं मात्र खरोखर सुधारलं आहे.

हणमंतराव डुबल पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना अँटेनाची गरज नव्हती. ती पडली मुलीमुळे. त्यांची एकुलती एक ऋतुजा वैमानिक झाली आणि तिचं विमान सकाळच्या वेळी बरोब्बर कराडावरून जाऊ लागलं. हणमंतराव गच्चीत उभे राहून मान मोडेपर्यंत वर बघायचे. पांढरी रेघ दिसायची. लेक दिसायची नाही.

ऋतुजा फोन करायची, नाही असं नाही. पण फोनवर ती "जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बरं ठेवते" एवढंच बोलायची, आणि ते तर कुणाचीही मुलगी बोलते. हणमंतरावांना ती कामावर कशी बोलते ते ऐकायचं होतं. म्हणून त्यांनी एक स्कॅनर घेतला. स्कॅनर म्हणजे साबणाच्या पेटीएवढा रेडिओ; तो हवेतले आवाज एकामागून एक चाचपत जातो आणि कुणी बोलत असेल तिथे थांबतो. त्याच्या डोक्यावरच्या बोटभर दांडीला मात्र खरखरीशिवाय काही सापडेना. एकदा "मॉर्निं" एवढंच ऐकू आलं. ते आपल्याच ऋतुजाचं, असं हणमंतराव ठामपणे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन मुजावरांच्या दुकानात गेले.

इक्बाल मुजावर गावात अँटेने विकतात आणि बसवूनही देतात. त्यांनी दोघांना स्टुलावर बसवलं, चहा सांगितला आणि गंभीरपणे विचारलं, "घरात बोलणारी माणसं किती?"

"आम्ही दोघंच," हणमंतराव म्हणाले.

"दोघांत जास्त कोण?"

हणमंतरावांनी नुसतं बायकोकडे पाहिलं. "कालव्याचा विषय निघाला की हेच जास्त," विजयमालाबाई म्हणाल्या. "बाकी सगळ्यात मी."

मुजावरांनी मान डोलावली आणि पहिला अँटेना काढला. उलट्या छत्रीच्या काड्या असाव्यात तसा तो दिसत होता. "ह्याला चारी दिशांचं ऐकू येतं. विमान, बोटी, सगळं. पण ह्यो बसवला की घरात सगळ्यांनी सगळंच थोडं थोडं कमी बोलायचं."

"म्हणजे मी भांडायला लागले तर मधेच थांबू?"

"थांबावं लागंल, वहिनी."

"मग नको. अर्धं भांडण अंगावर येतं माझ्या."

दुसरा अँटेना माशाच्या काट्यासारखा होता. ज्या दिशेला त्याचं तोंड, तिकडचं फार लांबचं ऐकू येतं. मात्र त्या दिशेला तोंड करून घरात कुणी बोलायचं नाही. ऋतुजाचं विमान यायचं ईशान्येकडून, आणि डुबलांचं देवघरही ईशान्येलाच. "देवाकडं पाठ करून आरती म्हणायची होय?" असं विजयमालाबाईंनी विचारल्यावर मुजावरांनी तो परत ठेवला.

तिसरा अगदीच साधा होता. एक उभी दांडी आणि खाली चार तिरक्या. "ह्यो फक्त विमानाचा," मुजावर म्हणाले. "दुसरं काय धरत न्हाई, पण विमानातला माणूस खाकरला तरी कळतंय. ह्याला घरातला एकच विषय द्यायचा. बाकी मोकळं बोला."

"कोणता विषय?"

"ते त्योच ठरिवतो. घरात ज्याच्यावर सगळ्यात जास्त बोलणं हुतंय त्यो. आधी चार दिवस बैठकीत ठेवा, ऐकू द्या त्याला. विषय धरला की मी येऊन वर चढवतो."

दोघंही मनातून खूश झाले. हणमंतरावांना वाटलं, आता मेहुण्याचा विषय सुटणार. जयसिंग, म्हणजे विजयमालाबाईंचा भाऊ, गेली कित्येक वर्षं त्या घरात स्वतः न येता मुक्काम ठोकून होता. विजयमालाबाईंना वाटलं, कालवा जाणार. हणमंतरावांनी उमेदीच्या वयात एक कालवा खणून घेतला होता, आणि त्याचं पाणी अजून रोज जेवताना ताटापर्यंत येत होतं.

अँटेना सोफ्यावर ठेवला गेला. विजयमालाबाईंनी त्याच्याखाली धुतलेली चादर घातली, कारण पाहुणा तो पाहुणाच. पहिला दिवस नेहमीसारखा गेला. दुसऱ्या दिवशी जेवताना हणमंतरावांचा घास हातातच राहिला. भेंडीची भाजी होती. विजयमालाबाई म्हणाल्या होत्या, "ऋतुजा असती तर शिवली नसती भेंडीला." त्यावर ते स्वतः म्हणाले होते, "आता तिथं काय खात असेल कोण जाणे." आणि सकाळपासून आपण दुसरं काहीच बोललेलो नाही, हे त्यांच्या एकदम ध्यानात आलं.

त्यांनी बायकोला खुणेने स्वयंपाकघरात नेलं. "माला, हा ऋतुजाचा विषय धरणार."

लेकीचा आवाज ऐकायचा आणि लेकीचं नाव काढायचं नाही, असलं कसं चालायचं? विजयमालाबाईंनी पदर खोचला, बाहेर येऊन सोफ्यासमोर बसल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "अहो, तुमच्या कालव्याचं सांगा की. पहिल्यापासून सांगा."

सगळ्या संसारात हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. हणमंतरावांना भरून आलं. त्यांनी सांगायला सुरुवात केली. माती कशी परीक्षेला पाठवली, खडक कसा लागला, पहिलं पाणी सोडलं तेव्हा गावोगावची माणसं कशी नारळ घेऊन आली.

"आणि त्या गर्दीत," ते रंगात येऊन म्हणाले, "ऋतुजा माझ्या खांद्यावर बसून..." आणि त्यांनी जीभ चावली.

मग जयसिंगाला पुढे केलं. विजयमालाबाई त्याच्यावर तावातावाने बोलल्या, पण त्याचा सगळ्यात मोठा गुन्हा ऋतुजाच्या बारशाला उशिरा आल्याचा होता. भिंतीच्या ओलीवर बोलू गेले तर ओल ऋतुजाच्या खोलीत. गुडघेदुखीवर बोलू गेले तर गोळ्या ऋतुजाने पाठवलेल्या. डुबलांच्या घरात कुठूनही निघालं तरी तिच्यापाशीच पोचायला होत होतं.

मुजावर आले. त्यांनी टोपी काढून अँटेनाला कान लावला आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

"विषय धरलाय," ते म्हणाले.

"कालवा का?" हणमंतरावांनी आशेने विचारलं.

"न्हाई साहेब. पोरगी." मुजावरांचा आवाज खाली आला. "कालवा लई मागं हाय. परत घिऊन जाऊ का? जाऊ दे, दुसऱ्याला लागंल."

हणमंतराव "घेऊन जा" म्हणणार होते. विजयमालाबाई आधी बोलल्या.

"बसवा," त्या म्हणाल्या. "आपण तिच्याबद्दल बोलतो ते सगळं आपलंच असतं. तिचं कुठं असतं त्यात? तिचं काय असंल ते ऐकू या एकदा."

अँटेना गच्चीत चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं स्कॅनरसमोर बसले. खरखर झाली, ती थांबली, आणि शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ आवाज आला. पहिल्यांदा इंग्रजीत काही आकडे, मग "गुड मॉर्निंग". थोड्या वेळाने वाऱ्याबद्दल काहीतरी विचारलं गेलं आणि तिने न अडखळता, न घाबरता उत्तर दिलं. तो घरातला आवाज नव्हताच. त्या आवाजाला कुणी "सांभाळून जा गं" म्हणायला धजावलं नसतं. मग विमान पुढे गेलं आणि स्कॅनर गप्प झाला.

हणमंतरावांना अभिमानाने रडू येत होतं. विजयमालाबाईंचे डोळे तर वाहतच होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं.

"चहा ठेवू?" विजयमालाबाई म्हणाल्या.

"ठेव."

तिची फेरी असेल त्या सकाळी ती बोलायची आणि हे दोघं ऐकायचे. सुख असं की पोटात मावेना, आणि ते काढून ठेवायला जागा नाही. घरात मोकळे राहिलेले विषय फार थोडे निघाले. हणमंतराव कालव्याचं सांगायचे, पण उद्घाटनाच्या अलीकडे थांबायचे. जयसिंगाची सगळ्यात मोठी चूक काढता येईना, त्यामुळे तो बराच भला माणूस वाटू लागला.

शेवटी न राहवून एका संध्याकाळी दोघं कृष्णेच्या घाटावर गेले. घर मागे राहिलं म्हणजे अडचण संपली, असा त्यांचा समज. पायरीवर बसून लेकीबद्दल इतकं बोलले की शेंगा विकणारा दोनदा येऊन तसाच गेला. दुसऱ्या सकाळी पांढरी रेघ कराडावरून गेली आणि स्कॅनरमधून चकार शब्द आला नाही.

हणमंतराव तडक मुजावरांकडे गेले.

"घाटावर बोललात?" मुजावरांना वाईट वाटलं. "आवो साहेब, एवढं वरचं ऐकणारा त्यो. त्याला घाटावरचं ऐकू यायचं न्हाई व्हय? तुमचे आवाज वळखतोय त्यो. एक दिस रुसंल, मग परत लागंल. पण बोलायचं तर त्याच्या टापूच्या भाईर जाऊन बोला की."

"टापू कुठपर्यंत?"

मुजावरांनी बोटाने हवेत रस्ता काढला. "सांगलीच्या अंगाला आष्ट्यापर्यंत. आष्टं सोडलं की तुमचं तुम्ही मोकळं."

गुरुवारी सकाळी ऋतुजा कराडावरून गेली. त्या दिवशी कुठेतरी ढग होते. तिने वाट बदलायची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि शेवटी ती पलीकडच्या माणसाशी चक्क हसली. स्कॅनर बंद झाला तशी विजयमालाबाईंनी पिशवी घेतली. हणमंतरावांनी चपला घातल्या. कुठे, हे कुणी विचारलं नाही.

सांगलीची गाडी मिळाली. पेठ नाका गेला, इस्लामपूर गेलं. दोघं ओठ घट्ट मिटून शेजारी शेजारी बसले होते, आणि समोरच्या बाईंना वाटलं, ही म्हातारी माणसं दवाखान्यात चालली आहेत. आष्ट्याची शेवटची घरं मागे पडली आणि दोघं एकाच वेळी बोलले.

"हसली, ऐकलंत?"

"वाट बदलली बघ तिनं! सांगून बदलली!"

"आवाज बसलाय पण. सर्दी झाली असणार."

"सर्दी नाही गं, मशीनमधून तसा येतो."

"मला सांगता? मी आई आहे!"

सांगलीच्या स्टँडवर उतरून त्यांनी मिसळ खाल्ली. बोलणं चालूच होतं. समोरच्या टेबलावर बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा ढगांचं सगळं सांगून झालं. त्याने मान डोलावली आणि स्वतःच्या मुलाचा फोटो दाखवला. मग परतीची गाडी आली, तर तिच्यात बसल्यावरही दोघांचं संपलं नव्हतं.

विजयमालाबाई शाळेतला एक किस्सा सांगत होत्या. पावसाळ्यात ऋतुजाने वर्गाच्या खिडकीतून छत्री उघडून उडी मारायचं ठरवलं होतं, तो. "बाईंनी विचारलं, हे काय चाललंय," त्या म्हणाल्या, "तर ही पोर काय म्हणाली असंल..."

गाडी आष्ट्यात शिरली. विजयमालाबाई थांबल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

हणमंतरावांनी तो किस्सा वर्षानुवर्षं ऐकला होता. ऋतुजा काय म्हणाली ते त्यांना तोंडपाठ होतं. तरीही ते पुढच्या गुरुवारच्या सांगलीच्या गाडीची वाट बघू लागले.