थोडं घाण पाणी सोडता का?

सकाळी सात वाजता सासरेबुवांनी जावयाला हलवून उठवलं आणि वाईट बातमी दिली. नाल्याचं पाणी स्वच्छ झालं होतं.

जावई पांघरुणासकट खिडकीपाशी गेला. घरामागून वाहणारा नाला काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित जांभळा होता. त्यावर वीतभर फेस होता, आणि वास असा की पाहुणे निरोप घ्यायला दारात रेंगाळत नसत. आज तळाचे गोटे दिसत होते. एका गोट्यावर बगळा उभा होता आणि तोही जरा गोंधळलेला वाटत होता.

"याला तळ आहे, विसरलेच होते," सासूबाई मागून म्हणाल्या.

जावई सिनेमात लोकेशन मॅनेजर होता. दिग्दर्शकाला हवी तशी जागा हुडकून देणं हे त्याचं काम. सासरेबुवांच्या मते नुसतं बघत हिंडण्याचा पगार देणाऱ्या माणसाने आधी स्वतःची प्रकृती दाखवून घ्यायला हवी होती. सध्याचा सिनेमा हिंदी होता आणि गंभीर होता. एक हावरट कंपनी नदीत विष सोडते, एक शिक्षिका तिच्याशी एकटी भांडते आणि शेवटी नदी निर्मळ होते. निर्मळ नदी दूर डोंगरात ठरलेली होती. अडलं होतं ते घाणीपाशी. पहिल्या जागेचं पाणी दिग्दर्शकाला पुरेसं निराश वाटलं नाही. दुसऱ्या जागी रहिवाशांनी युनिटला पिटाळून लावलं, कारण त्यांना कुणी आगाऊ कळवलं नव्हतं. त्यावर दिग्दर्शक अगदी शांतपणे म्हणाला होता की तिसरी जागा फसली, तर चौथी तू स्वतःसाठी शोध.

अशा आणीबाणीत बायकोला माहेर आठवलं. नाला पाहून दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्धं वासाचं होतं, पण अर्धं खरं होतं. नाल्याच्या वरच्या बाजूला कापड रंगवायचा कारखाना होता आणि त्याने तीस वर्षं खपून जे साधलं होतं, ते कुठल्याही कलादिग्दर्शकाला एका आठवड्यात जमलं नसतं.

"पण शूटिंगचं कारखान्याला कळलं कसं?" बायकोने विचारलं.

जावयाने सांगितलं. मागची फजिती नको म्हणून त्याने आसपासच्या सगळ्यांना नम्र पत्रं वाटली होती. कारखान्यालाही दिलं. त्यात लिहिलं होतं, की आपल्या नाल्यावर चित्रीकरण होणार असून सिनेमाचा विषय प्रदूषण व कंपन्यांची हाव हा आहे, तरी नेहमीप्रमाणे सहकार्य करावे.

"नेहमीप्रमाणे असं लिहिलंस?"

"अधोरेखित केलं होतं."

नऊ वाजता युनिटच्या गाड्या आल्या. दिग्दर्शक अकराला येणार होता, म्हणजे दोन तास हातात होते. कलाविभागाने आधी जांभळा रंग ओतला. तो फार सुंदर दिसला, पण वाहतं पाणी कुणासाठी थांबत नाही. कॅमेरा तयार होईपर्यंत रंग वळणापलीकडे पसार झाला होता. मग साबणाचा फेस सोडून पाहिला. त्याने नाला आणखीच स्वच्छ झाला.

उरला एकच मार्ग. जावई सासरेबुवांना ओळखीसाठी बरोबर घेऊन कारखान्यात गेला, कारण त्यांची सगळी नोकरी तिथेच झाली होती. मॅनेजरसाहेब कोरा शर्ट घालून बसले होते, घडीच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. टेबलावर झाडाची कुंडी होती. तिला किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती.

"साहेब, एक विनंती होती," जावई म्हणाला. "थोडं घाण पाणी सोडता का?"

साहेबांनी खोलीच्या चारी कोपऱ्यांकडे पाहिलं. मग जावयाच्या शर्टाचं एकेक बटण निरखलं. मधल्या बटणात कॅमेरा आहे असं त्यांनी बहुधा ठरवलं, कारण पुढचं सगळं ते त्या बटणाशीच बोलले.

"आमच्याकडे घाण पाणी नसतं."

"दोनच तास, साहेब. जांभळं असलं तर उपकार होतील."

"जांभळं पाणी म्हणजे काय, हेच आम्हाला ठाऊक नाही."

सासरेबुवांना राहवेना. "असं काय करता साहेब? तीस वर्षं नाल्याकडची झडप मीच उघडत होतो की. तुम्ही वरून ओरडायचात, अजून उघड म्हणून."

"हे गृहस्थ कोण?" साहेबांनी बटणाला विचारलं.

सासरेबुवांचा चेहरा पडला. निरोपाच्या दिवशी याच साहेबांनी त्यांना मिठी मारली होती आणि सोडता सोडत नव्हते.

मग साहेबांनी दोघांना पाणी शुद्ध करायचं यंत्र दाखवायला नेलं. यंत्र जुनं होतं पण अगदी कोरं होतं, कारण आठ वर्षांत ते आज पहाटे पहिल्यांदा सुरू झालं होतं. अर्ध्या अंगावर वेष्टनाचं प्लास्टिक तसंच होतं. एक कामगार माहितीपुस्तकाचं तिसरं पान उघडून शेजारी उभा होता आणि आवाज बदलला की घाईघाईने पान उलटत होता. साहेबांनी नळाखाली ग्लास धरला, बटणाकडे पाहून हसले आणि घटाघटा प्यायले. दुसरा ग्लास जावयापुढे आला. घाण मागायला आलेल्या माणसाला स्वच्छ पाणी नाकारता येईना. तोही प्यायला. चव चांगली होती, म्हणजे आता काहीच आशा नव्हती.

ते परतले तेव्हा दिग्दर्शक काठावर उभा होता. जावयाने जे झालं ते पत्रासकट सांगून टाकलं आणि शेवटी म्हणाला, "सर, मी सामान भरतो."

दिग्दर्शकाचं लक्षच नव्हतं. तो लोकांकडे बघत होता. बातमी पसरून आख्खी वस्ती काठावर जमली होती. कुणी गोंधळ करत नव्हतं. माणसं नुसती वाकून तळाकडे बघत होती, घरात नवं बाळ आल्यावर बघतात तशी. सासूबाई पायरीवर बसून पाय पाण्यात सोडून होत्या. सासरेबुवा त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले आणि तसेच राहिले.

"आजोबा, हे पाणी असं याआधी कधी होतं?" दिग्दर्शकाने विचारलं.

"आमचं लग्न झालं तेव्हा," सासरेबुवा म्हणाले. "नंतर मला नोकरी लागली."

ते हे अगदी साधेपणाने म्हणाले. पण मग चष्मा काढून पुसू लागले आणि पुसतच राहिले. सासूबाईंनी वर न बघता सरकून जागा केली. तेही जोडे काढून बसले.

दिग्दर्शक कॅमेरामनच्या कानात काहीतरी बोलला आणि धावपळ उडाली. सिनेमाचा शेवट आधी घ्यायचं ठरलं, इथेच, याच लोकांना घेऊन. डोंगरातला मुक्काम रद्द झाल्याचं ऐकून निर्मात्याने जावयाला मिठी मारली. शिक्षिकेची भूमिका करणाऱ्या नटीला थंडी सोसत नसे, तिने तर त्याला भाऊ मानलं.

"पण सर, घाणीचं काय?" जावयाने चाचरत विचारलं.

"घाण कुठेही मिळते रे," दिग्दर्शक म्हणाला. "तू शोधशील. तुझी नजर चांगली आहे."

जावई पायरीवर मटकन बसला. बायकोने त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि तो पिऊन होईपर्यंत काहीही विचारलं नाही. लग्नानंतर असं पहिल्यांदाच घडत होतं.

चित्रीकरण चार दिवस चाललं आणि चारही दिवस यंत्र चालू राहिलं. पाचव्या दिवशी युनिट सामान बांधू लागलं, तशी वस्तीतली मंडळी सासरेबुवांना पुढे घालून आली. मागणी एकच होती. तुम्ही खुशाल जा, पण कॅमेरा राहू द्या. कॅमेरा देणं शक्य नव्हतं. शेवटी सामानवाल्याने एक मोडका तिपाई स्टँड आणि कॅमेऱ्याचं रिकामं खोकं दिलं, वर काळं कापड घातलं. लांबून बघणाऱ्याला घाम फुटावा इतपत ते जमलं.

याला आता पाच महिने झाले. सासरेबुवा रोज सकाळी आठला काठावर जातात, काळ्या कापडात डोकं घालतात आणि अर्धा तास रिकाम्या खोक्यात बघत राहतात. बघत बसणं हेही काम असतं, असं ते हल्ली चारचौघांत सांगतात. यंत्र थांबलेलं नाही. मॅनेजरसाहेब रोज तिथून भांग पाडून जातात. परवा मात्र त्यांचा धीर सुटला. ते जवळ आले आणि कापडाबाहेर राहिलेल्या भागाला अदबीने म्हणाले, "काका, सिनेमा पुरा कधी होणार?"

सासरेबुवांनी डोकं बाहेर काढलं. साहेबांकडे नीट पाहिलं. ओळख दाखवली नाही.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "अजून मनासारखा शॉट मिळालेला नाही."