बिनवासाची फुलं

पुंजाजी मेहऱ्यांना लग्नाची पत्रिका द्यायची की नाही, यावरून आमच्या भागात घराघरांत वाद होतात. कारण हा माणूस मांडवात शिरला की नवरा-नवरीकडे बघत नाही, आधी कमानीकडे जातो. कमानीतलं एक फूल अंगठ्याच्या नखानं दाबून बघतो. खरं निघालं तर नाकाशी नेतो आणि मुकाट जेवायला बसतो. प्लॅस्टिकचं निघालं तर ओढून काढतो. नुसतं ते फूल नाही, अख्खी माळ. गेल्या वर्षी अमरावतीला माझ्या साडूच्या मुलीच्या लग्नात त्यांनी स्टेजचा डावा खांब पार उघडा केला. साडू धावत आला, तर ती माळ त्याच्याच हातात देऊन विचारतात, "याले वास हाये का?" त्यांना मी सोबत नेलं होतं. साडू अजून माझ्याशी बोलत नाही.

अकोल्याच्या मंडईत पुंजाजींचं फुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे तीन फळ्या, एक पाण्याची बादली आणि ओलं पोतं. बार्शीटाकळीला दोन एकर मळा, त्यात झेंडू आणि शेवंती. आजोबा फुलं विकायचे, वडील फुलं विकायचे, हेही तेच. वय सत्तरीला टेकलेलं, डोक्यावर पांढरी टोपी, आणि आवाज असा की मंडईच्या दुसऱ्या टोकाची बाई पालक तोलता तोलता थांबते. शेजारचं कटलरीचं दुकान माझं. आणि खोटं कशाला बोलू, प्लॅस्टिकच्या माळा मीही विकतो. दारातच टांगल्या आहेत. रोज सकाळी पुंजाजी माझ्या दारात येतात, एका माळेला नख लावतात, माझ्याकडे बघतात आणि न ओढता जातात. शेजारधर्म म्हणून एवढी सूट मला एकट्यालाच आहे. तिची मला लाज वाटते, पण माळा मी उतरवलेल्या नाहीत.

वासाचा तो प्रश्न त्यांना सगळीकडे पुरतो. टीव्हीवर चारचार माणसं एकदम ओरडत असली की पुंजाजी विचारणार, याला वास आहे का. नातवानं पाकिटातलं पनीर आणलं, तरी तेच. एकदा दाढ दुखली म्हणून त्यांना दाताच्या डॉक्टरकडे नेलं. तिथं कोपऱ्यात कुंडी होती, कुंडीत हिरवंगार प्लॅस्टिकचं झाड. पुंजाजींनी पान चिमटीत धरलं, सोडलं आणि उठून उभे राहिले. म्हणाले, "डाक्टर, जितं कोनतं अन् मेलं कोनतं हे ज्याले वळखता येत नाई, त्याच्यापुढं मी तोंड उघडू काहून?" आणि सुजलेला गाल धरून घरी. पुढचे आठ दिवस लवंग चघळत होते आणि दिसेल त्याच्यावर खेकसत होते.

लोक हसतात. मीही हसायचो. पण जरा विचार करा हो. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात साच्यातून निघालेला झेंडू खोक्यात बसून अकोल्यापर्यंत येतो आणि खपतो. बार्शीटाकळीचा झेंडू वीस किलोमीटरवरून येतो आणि संध्याकाळी कोमेजतो, म्हणून तो हरतो. बायका मला कौतुकानं सांगतात, "भाऊ, धुऊन ठेवली की पुढच्या वर्षी तीच लावता येते." देवाला मागच्या वर्षीचं उष्टं फूल, तेही साबणानं धुतलेलं! आणि मी गल्ल्यावर बसून "हो ताई" म्हणतो. माझा संताप होतो, आणि त्यातला निम्मा माझ्या स्वतःवरच असतो.

मग तो व्हिडिओ निघाला. एका कपड्याच्या दुकानाच्या उद्घाटनाला पुंजाजींनी तोरण ओढलं आणि कोणीतरी ते मोबाइलवर टिपलं. खाली गाणं टाकलं, त्यांच्या डोक्यातून वाफ निघताना दाखवली आणि नाव दिलं 'भडकू आजोबा'. चार दिवसांत ते कुठल्या कुठे पोचलं. माझ्या भाच्यानं कॅनडातून मला पाठवलं, वर विचारलं की मामा, हा तुमच्या शेजारचाच ना. मंडईत पोरं येऊ लागली. एक तर प्लॅस्टिकची माळ खिशात घालूनच आला. म्हणे, "आजोबा, ही तोडा ना, मी शूट करतो." पुंजाजींनी त्याला विचारलं की फुलं किती देऊ. तो म्हणाला, फुलं नको. साऱ्या जगानं पुंजाजींना पाहिलं, आणि त्या महिन्यात त्यांची शेवंती पोत्यावर सडली. हे त्या व्हिडिओत कोणी दाखवलं नाही.

त्यांचा मुलगा मंगेश पुण्याला होता. चौतिशीचा, सरळ माणूस, बायको आणि एक पोरगं. परदेशातल्या लोकांची वॉशिंग मशीन बिघडली की त्यांच्या तक्रारी हा पुण्यात बसून ऐकायचा. नऊ वर्षं ऐकल्या. एके सकाळी त्याच्या कार्डानं ऑफिसचं दार उघडलं नाही. ते काम आता फिलिपिन्सला गेलं, असं मोबाइलवर आलेल्या निरोपातून कळलं. निरोप तरी माणसानं लिहिला होता की नाही, देव जाणे. पुंजाजींना मी हे समजावून सांगितलं. ते फुलांवर पाणी मारता मारता म्हणाले, "म्हंजे आपल्यापेक्षा सस्त्यात कोनी भेटलं त्यायले." इथं फुलं बाहेरून आली, तिथं काम बाहेर गेलं, आणि दोन्ही वेळा मार बसला तो मेहऱ्यांच्याच घराला.

मंगेश अकोल्याला परतला. पाच महिने घरी बसला. बाप त्याला मळ्यात ये म्हणाला नाही, कारण मळ्यातच आता काय होतं? शेवटी दुचाकीच्या एका शोरूममध्ये त्याला नोकरी लागली. पगार पुण्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका, पण पोराची शाळा सुरू राहिली. याच शोरूमला बावीस वर्षं दसऱ्याचं तोरण पुंजाजींच्या हातचं जायचं. या वर्षी वरून हुकूम आला की देशभर सगळ्या शोरूमची सजावट एकसारखी हवी. तोरणं खोक्यात भरून आली. कशाची, ते सांगायला नको.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी मंगेश घरी न जाता माझ्या दुकानात आला. मॅनेजरनं तो व्हिडिओ पाहिला होता. म्हणाला, ते तुझे वडील ना, त्यांनी इथं तमाशा केला तर परवापासून येऊ नकोस. मंगेश माझ्याकडे न बघता बोलत होता. "काका, बाबाले उद्या थांबवा. त्यायनं तिथं हात लावला तं मी गेलो."

मी पुंजाजींना सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. ते झेंडू ओवत होते. ओवतच राहिले. म्हणाले, "पाह्यतो मी." याचा अर्थ काय घ्यायचा? मी चिडून दुकान लवकर बंद केलं आणि घरी जाऊन बायकोवर विनाकारण ओरडलो.

दसऱ्याला सकाळी बघतो तर पुंजाजी टोपली घेऊन निघालेले. टोपलीत बावीस वर्षं जायचं तसंच तोरण, झेंडूचं, मध्ये आंब्याची पानं. मी मागोमाग गेलो. थांबवायचा प्रयत्न केला, त्यांनी ऐकलं नाही. शोरूमपुढे गाड्या न्यायला आलेल्यांची गर्दी होती. दोघा-तिघा पोरांनी त्यांना ओळखलं आणि मोबाइल वर झाले. "आले, आले, भडकू आजोबा आले." आत काचेमागे मॅनेजर उठून उभा राहिला. आणि दारात, उंच लोखंडी स्टुलावर, कंपनीचा लाल टी-शर्ट घातलेला मंगेश. हातात ते प्लॅस्टिकचं तोरण. बापाला बघून तो होता तसाच थांबला.

पुंजाजींनी टोपली खाली ठेवली. दोन पावलं पुढं गेले, हात पुढे केले. शपथेवर सांगतो, मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा पुंजाजींनी स्टुलाचे दोन पाय दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. मान वर करून ते सांगत होते, "डावीकून खाली आलं. अजून वर घे. गाठ दुहेरी मार, नाईतं सुटते." मंगेशनं वर घेतलं, दुहेरी गाठ मारली. दुसरं टोक बांधायला स्टूल सरकवलं, ते त्यांनीच सरकवलं आणि पुन्हा धरलं. तो खाली उतरेपर्यंत सोडलं नाही. मग टोपली उचलली आणि चालू लागले. पोरं मागून ओरडत होती, "आजोबा, एक तरी तोडा ना." मी त्यांना तोंडात येईल ते बोललो. त्याचंही त्यांनी शूटिंग केलं.

मला राग आवरेना. मॅनेजरचा, पोरांचा, त्या हुकूम धाडणाऱ्याचा, आणि सगळ्यात जास्त पुंजाजींचा. भर रस्त्यात मी त्यांना अडवलं. आयुष्यभर लोकांच्या लग्नात तमाशे केलेत, माझा साडू तोडलात, आणि आज जिथं खरं बोलायचं तिथं गप्प? नोकरीपायी ती घाण स्वतः बांधू लागलात?

पुंजाजी थांबले. त्यांनी टोपली या हातातून त्या हातात घेतली.

"नोकरीचं मले सुचलंच नाई, भाऊ," ते म्हणाले. "तो उंचीले भेते. लहान होता तवापासून. पाय लटलट कापून राहिले होते त्याचे, अन् एवढ्या माणसाइत स्टूल कोनंच धरलं नव्हतं."