पहिल्या रविवारची सर्दी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले अंबादासराव पवार माणसाला आधी हुंगतात आणि मग नमस्कार करतात. सकाळी दूध घ्यायला दार उघडावं, तर हे समोर उभे. नाकपुड्या दोनदा हलतात आणि निकाल लागतो. "देशपांडे, काल तुमच्याकडं कारलं होतं. अन् तुम्ही खाल्लं नाय." खरंच खाल्लेलं नसतं. बायको आतून ऐकत असते आणि माझी सकाळ तिथंच संपते.

या माणसाचा मला राग आहे हे आधीच सांगून टाकतो. नंतर कोणी म्हणायला नको की देशपांडे आकसानं लिहितो. आकसानंच लिहितोय.

अंबादासराव मूळचे देवगाव रंगारीचे. घरी शेती, पण हे शिकले रसायनशास्त्र आणि चिकलठाण्याच्या एका दारूच्या कारखान्यात लागले. तिथं एकतीस वर्षं नाकाची नोकरी केली. टाकीतला नमुना ग्लासात यायचा. हे हुंगायचे, घोटभर तोंडात घेऊन फिरवायचे आणि थुंकून टाकायचे. मग मान डोलली तर माल पुढं, नाहीतर परत. गिळायची सोय नव्हती. गिळली तर दुपारपर्यंत माणूस कामातून गेला. एकतीस वर्षं दारू थुंकून ज्याचं घर चाललं, तो माणूस पुढं सरळ वागेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या घरी शनिवारची बैठक सुरू केली. मी, खालच्या मजल्यावरचे गणिताचे मुळे सर आणि स्वतः अंबादासराव. वेळ संध्याकाळी पाच. पाच ते सात त्या घरात फोडणी द्यायची नाही, उदबत्ती लावायची नाही. सुमनवहिनी शनिवारी दुपारीच वरणभात करून ठेवायच्या. एकदा मला म्हणाल्या, "लग्नात गजरा माळू दिला नाय ह्यांनी. नाक बिघडतं म्हणे. बिनगजऱ्याचा फोटो हाय माझा." मुळे सरांना केसांच्या तेलापायी दोनदा घरी पाठवलं होतं, डोकं धुऊन या म्हणून. आणि मी एकदा सर्दी झाली म्हणून बाम चोळून गेलो, तर मला जिन्यातच थांबवलं. "बाम? माझ्या घरात? त्यापरीस नाक कापून द्या माझं."

बैठक म्हणजे परीक्षाच. तीन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. नाव दिसता कामा नये. चहाच्या छोट्या ग्लासांत बोटभर दारू आणि वर झाकणी. मध्ये त्यांच्या आजोबांची निजामाच्या काळातली पितळी पिकदाणी. आजोबा तीत विड्याचा रंग थुंकायचे, नातू व्हिस्की थुंकतो. आधी हुंगायचं, मग तोंडात घेऊन थुंकायचं, आणि तिसऱ्या वेळी ते म्हणणार, "आता प्या. माणसासारखं." तोवर निम्मा जीव गेलेला असायचा. ग्लास उचलायला गेलं की त्यांचं ठरलेलं, "थांबा. घाई नाय."

पण मजा यायची हे मान्य केलं पाहिजे. जिनचा ग्लास पुढं करून ते म्हणायचे, "डोळे मिटा. गुलमंडीत मसाल्याच्या दुकानापुढनं चाललात. धने. वेलदोडा. आता कुणीतरी संत्रं सोललं." आणि सुटायचा तो वास, शपथेवर सांगतो. धुराच्या वासाची एक परदेशी व्हिस्की असते. मुळे सर तिला वाहवा म्हणाले, तर हे म्हणाले, "देवगावला माझी आय ओल्या काटक्यांवर चूल पेटवायची. तोच धूर हाय हा. तिला कुणी वाहवा म्हटलं नाय." रम आली की गुऱ्हाळ आठवायचं. जुन्या व्हिस्कीत ड्रॉपरनं पाण्याचे तीन थेंब टाकून म्हणायचे, "आता हुंगा, आता खरी कळती." आपल्याकडची व्हिस्की आणि थंड देशातली, दोन्ही शेजारी ठेवून सांगायचे की आपल्या उन्हात लाकडी पिंपातली दारू लई लवकर म्हातारी होते, तिकडची बारा वर्षं म्हणजे इकडची चार. माणसांचंही तेच असावं. मी पंचावन्नचा आहे आणि मला आजोबा म्हणतात.

आता रागाचं कारण. माझ्या भाच्यानं परदेशातून एक भारी बाटली आणली होती. ती आम्ही घरीच संपवली. रिकामी बाटली बघून माझ्या डोक्यात किडा वळवळला. तिच्यात क्रांती चौकातनं आणलेली साधी देशी व्हिस्की भरली आणि शनिवारी घेऊन गेलो. बघू म्हटलं नाकाची पत. अंबादासरावांनी झाकणी उचलली, नाक खाली नेलं, पुन्हा वर आणलं. "देशपांडे, बाटली पाहुणी हाय, दारू घरची हाय." मुळे सर हसायला लागले. पण हे थांबले नाहीत. "अन् बाटली धुतली भांड्याच्या साबणानं. लिंबाच्या." वर त्यांचं नेहमीचं, "नाक खोटं बोलत नाय."

ही गोष्ट त्यांनी साऱ्या बिल्डिंगला सांगितली, पाणी सोडणाऱ्यालासुद्धा. मी हसून साजरं केलं, पण आत ते लागलं होतं. कधीतरी या नाकाला खाली बघायला लावायचंच, असं मी ठरवून टाकलं.

त्यांचा मुलगा संदीप. एकुलता एक, पुण्याला नोकरीला. बापानं एकतीस वर्षं जी थुंकली, ती पोरगं गिळायला लागलं, इतकं गिळायला लागलं की बायको माहेरी निघून गेली. मग सहा महिने व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. तिथून तो घरी आला ती दिवाळी मला चांगली आठवते, कारण मी माझ्या दारात आकाशकंदील लावत होतो. संदीप बॅग घेऊन जिना चढला. वहिनी ओवाळायचं ताट घेऊन उभ्या. अंबादासरावांनी मिठी मारायला दोन्ही हात पुढं केले आणि ते हात तसेच हवेत राहिले. नाकपुड्या दोनदा हलल्या.

"व्होडका," ते म्हणाले. "सकाळची. वरून बडीशेप."

व्होडकाला वास नसतो असं पिणाऱ्यांना वाटतं. संदीपलाही वाटलं असणार. तो वळला. बॅग उचलली आणि खाली उतरला. वहिनींच्या ताटातली निरांजनं जळत होती. त्या तशाच उभ्या राहिल्या. मला तेव्हा काय वाटलं? खोटं कशाला बोलू, मला जरा बरं वाटलं. माझ्यासारखंच आणखी कोणीतरी या नाकाला सापडलं म्हणून. माणूस किती हलका असतो बघा.

वर्षभर संदीप आला नाही. फोनही उचलायचा नाही. शनिवारची बैठक चालू राहिली, पण अंबादासराव नुसते हुंगायचे आणि झाकणी ठेवून द्यायचे. मग वहिनी एकट्याच पुण्याला जाऊन आल्या. काय बोलणं झालं माहीत नाही, पण त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संदीप जेवायला यायला लागला.

आणि त्याच सुमारास अंबादासरावांना सर्दी व्हायला लागली. पहिल्या रविवारी सकाळी होणार आणि संध्याकाळी जाणार. आदल्या शनिवारी नाक टवटवीत, सोमवारी माझ्या घरची करपलेली डाळ ओळखायला पुन्हा हजर. मी एकदा विचारलं, "अंबादासराव, तुमची सर्दी कॅलेंडर बघून येते का?"

"व्हय," ते म्हणाले. "येते."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं नाक गेलंय आणि हा लपवतोय. म्हटलं, आता सापडलास.

मागच्या महिन्यातली गोष्ट. शनिवारी माझे नवे व्याही घरी आले होते. अंबादासराव आले, बसले, आणि चहा यायच्या आत लिंबाच्या साबणाची गोष्ट सुरू. व्याही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. माझी बायकोही हसली. त्या दिवशी मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी पहिला रविवार. दुपारी मी जिना उतरत होतो, संदीप चढत होता. "काय काका, बरे आहात ना?" म्हणून तो जवळ आला आणि मला वास आला. पुदिन्याच्या गोळीचा, आणि त्याच्याखाली दुसरा. मला काही नाक नाही. मला आला म्हणजे दगडालाही आला असता.

मी पाच मिनिटं खाली उभा राहिलो आणि मग वर आलो. वहिनींचा एक डबा आमच्याकडं होता, तो उचलला आणि समोरचं दार वाजवलं. काय बोलायचं ते मनात तयार होतं. अंबादासराव, कुठं गेलं तुमचं नाक? आमची बाटली कळते, घरातली कळत नाही? एवढंच. एकदाच.

वहिनींनी दार उघडलं. आत मटणाची फोडणी इतकी जोरात की मला ठसका लागला. त्या घरात मी पहिल्यांदाच फोडणीचा वास घेत होतो. संदीप न्हाणीघरात हातपाय धूत होता, पाण्याचा आवाज येत होता. अंबादासराव टेबलाशी बसले होते. पुढं बामची उघडी डबी. मिशीवर, नाकपुड्यांच्या कडेला, बामचा हा एवढा थर. डोळ्यांतून पाण्याच्या धारा.

मी म्हणालो, "अंबादासराव, तुमचं नाक..."

"चांगलं हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "बसा. नाकाला काय धाड भरली? त्या दिवाळीला बी बरोबरच होतं. मग वर्षभर बरोबर नाक घेऊन बसलो मी इथं. पोरगं नव्हतं." बोटानं आणखी थोडा बाम घेतला. "आता येतो, जेवतो. आयशी दोन शब्द बोलतो. दोन भाकरी खाऊन जातो. मला तेवढं पुरं."

"पण सुटेल का त्याची?"

"ते वासावरनं कळत नाय, देशपांडे."

पाण्याचा आवाज थांबला. संदीप टॉवेलला हात पुसत आला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला. पुदिन्याची गोळी आता संपली होती. मी त्याच्याकडं बघत राहिलो. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी हातात भाकरी घेऊन थांबल्या होत्या आणि त्या माझ्याकडं बघत होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. आता फक्त माझ्या तोंडाची भीती होती. माझी मला लाज वाटली. इतकी लाज मला लिंबाच्या साबणाचीही वाटली नव्हती.

"काय बघताय, काका?" संदीप म्हणाला.

मी हात लांबवला, डबी ओढली आणि बोटभर बाम काढून नाकाखाली चोळला. डोळ्यांत पाणी आलं.

"सर्दी," मी म्हणालो. "कालपासून."

"तुम्हालाही?"

"हवाच तशी आहे."

वहिनींनी काही न विचारता माझं ताट मांडलं. मटण तोंडात घातलं, तर नुसता बाम. मीठ आहे की नाही हेसुद्धा कळेना. समोर अंबादासराव रस्सा ओरपत होते.

"मटण बेस झालंय," ते म्हणाले.

संदीपनं ताट पुढं केलं आणि आणखी अर्धी भाकरी मागितली.

"अख्खी वाढ," अंबादासराव म्हणाले.