ठमाबाईचे पन्नास फेरे

रविवारी ठमाबाईला घरी बसवून ठेवायचं नाही, एवढंच आईने ठरवलं होतं. यात वावगं काहीच नव्हतं. फक्त ठमाबाई कागदाची होती.

ती पहिलीच्या वर्गाची बाहुली. वीतभर उंच, ड्रॉइंग पेपरची, पिवळा झगा, लाल बूट, आणि भुवया अशा चढवलेल्या की समोरच्याचं सदानकदा काहीतरी चुकतंय असं वाटावं. दर शुक्रवारी ती हजेरीच्या क्रमाने एकेका मुलाच्या घरी पाहुणी जायची आणि सोमवारी परत वर्गात हजर व्हायची. सोबत एक वही असायची. पाहुणीने काय काय केलं ते मुलाच्याच शब्दांत त्यात लिहायचं. भिंगरीचा (हे घरचं नाव, पोरगी एका जागी ठरत नाही म्हणून) नंबर सत्ताविसावा. म्हणजे सव्वीस शुक्रवार तिने दप्तरात ठमाबाईपुरती जागा रिकामी ठेवली होती.

भिंगरीच्या आईने वही दोनदा चाळली. ठमाबाई विमानात बसली होती. ठमाबाईने एका डॉक्टर आईबरोबर दवाखान्यात राउंड घेतला होता. एका घरी तर तिच्यासाठी काड्यापेट्यांचा पलंग केला होता, वर मच्छरदाणी!

"आपण रविवारी काय करतो?" तिने नवऱ्याला विचारलं.

"झोपतो."

"मग वहीत काय लिहू? ठमाबाई झोपली?"

"आडवी राहिली तर घडी पडणार नाही. तिच्याच हिताचं आहे."

असल्या माणसाशी बोलण्यात अर्थ नव्हता. तिने 'जुनं गाव' ठरवून टाकलं. शहराबाहेर शंभर वर्षांपूर्वीचं अख्खं गाव उभं केलेलं होतं. लोहार, सुतार, शिंपी सगळे पगारी, पण जुन्या कपड्यांत. आणि त्यांना नियम असा की फाटक बंद होईपर्यंत त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच राहायचं. इतिहास, ज्ञान आणि फोटो, सगळं एकाच तिकिटात. आई म्हणून यापेक्षा जास्त काय करायचं असतं?

पहिल्या तासाभरात ठमाबाई तीनदा वाचली. लोहाराची ठिणगी तिच्या झग्यापासून बोटभर अंतरावरून गेली. विहीर दाखवायला भिंगरीने तिला काठावरून ओणवी केली. आणि घोड्याने तर तिला वैरण समजून तोंड पुढे केलंच होतं.

"दे इकडे," आई म्हणाली. "माझ्याकडे असली की काळजी नको."

(हे वाक्य त्या घरात पुढे बरेच दिवस ऐकू येत राहिलं, आणि दर वेळी ते दुसरंच कुणीतरी म्हणत होतं.)

घडी पडू नये म्हणून तिने ठमाबाईला फाटकावर मिळालेल्या माहितीपत्रकात अलगद ठेवलं आणि पत्रक पर्समध्ये सरकवलं. मग तिला फार बरं वाटलं. एखादी गोष्ट वेळेवर सुचल्याचं समाधान तिच्या वाट्याला तसं कमीच यायचं.

शेवटची शेड कागद करणाऱ्याची होती. अंगरखा घातलेले, पांढऱ्या मिशांचे आजोबा एका लाकडी पिंपाशी उभे होते. पिंपाला हँडल, आत पाती आणि कोमट पाणी.

"या बाई, या. जुना कागद असेल जवळ तर द्या. इथे काही वाया जात नाही. त्याचाच नवा करू."

बाकीचे पालक खिसे चाचपत राहिले. तिची मात्र पर्स म्हणजे कागदांचं कोठारच. कुठलाही कागद टाकायचा म्हटलं की तिला भीती वाटायची, नेमका उद्या लागला तर? आज पहिल्यांदा त्या भीतीचं चीज होत होतं. औषधाच्या चिठ्ठ्या, जुन्या याद्या, पार्किंगच्या पावत्या, माहितीपत्रक, सगळा गठ्ठाच्या गठ्ठा तिने दोन्ही हातांनी पिंपात सोडला.

"वा! याला म्हणतात मन मोठं," आजोबा पिंपाला झाकण लावत म्हणाले. "आता हँडल पण तुम्हीच फिरवा. पन्नास फेरे."

तिने पदर खोचल्याच्या आवेशात (अंगात कुर्ता होता) हँडल धरलं. भिंगरीने आणि जमलेल्या पोरांनी मोठमोठ्याने आकडे मोजले. नवऱ्याने फोटो काढले. पन्नासाव्या फेऱ्याला टाळ्यासुद्धा पडल्या.

"आई," टाळ्या ओसरल्यावर भिंगरी म्हणाली, "आता ठमाबाईला दे ना. तिला पण बघू दे."

आईने पर्स उघडली. पर्स इतकी रिकामी तिने लग्नानंतर पाहिली नव्हती.

"अरे वा, हा फोटो बघ," नवरा मोबाइल पुढे करत म्हणाला. फोटोत ती प्रसन्न हसत होती, पिंपाच्या तोंडाशी तिचे दोन्ही हात होते, आणि हातांतल्या पत्रकातून दोन लाल बूट बाहेर डोकावत होते.

"उघडा! आधी पिंप उघडा!" आई ओरडली.

"उघडतो की," आजोबांनी झाकण काढलं. आत राखाडी चिखल. त्यात ठमाबाई होती, पण आता ती सगळीकडे सारखीच होती.

"आमची बाहुली होती त्यात! उद्या शाळेत परत द्यायची आहे! तुमच्या मॅनेजरला फोन लावा!"

"फोन? तो काय असतो बाई?"

इतक्यात अंगरख्याच्या आतून खणखणीत रिंगटोन वाजली.

"पाखरं आहेत," आजोबा पापणीही न हलवता म्हणाले.

"पाखरं व्हायब्रेटवर ठेवा," नवरा म्हणाला.

आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं, जवळ आले आणि एका दमात शंभर वर्षं ओलांडून कुजबुजले, "मॅडम, सॉरी. पण मशीनमध्ये गेलेलं परत नाही येत हो. मला काय माहीत, आत पाहुणी आहे!"

तिथे मग रडू फुटलं. भिंगरीला नाही, तिच्या आईला. सव्वीस शुक्रवार, चाळीस मुलं, वर्गाच्या बाई. सव्वीस घरांनी जी नीट सांभाळली, तिचा आपण लगदा केला. तोही टाळ्यांच्या गजरात.

भिंगरीने थोडा वेळ वाट पाहिली. आई थांबेना, तेव्हा तिने आजोबांनाच विचारलं, "याचा कागद होतो ना?"

"होतो की."

"मग ठमाबाईचाच करा."

आजोबांनी जाळीची चौकट बुडवली, हलवली, वर काढली. जाळीवर एक जाड, ओला, राखाडी ताव बसला. कोपऱ्यात लाल ठिपका होता.

"हा बूट," भिंगरीने ओळख पटवली.

तो ताव दोन फडक्यांमध्ये घालून आईने मांडीवर घेतला आणि घर येईपर्यंत श्वाससुद्धा बेताने घेतला. घरी इस्त्री फिरवली. भिंगरीने बाहुली कापली, रंगवली. नव्या ठमाबाईला जरा पोक आलं होतं, पण भुवया खाली उतरल्या होत्या. मग आईने वही उघडली आणि भिंगरी सांगू लागली.

"लिही. आईने ठमाबाईला पिंपात टाकलं."

"आईच्या हातून चुकून गेली, असं लिहू या?"

"आईने टाकलं."

"बरं. न बघता टाकलं?"

"हो. मग पन्नास वेळा फिरवलं. आई खूप हसत होती."

"हे लिहायलाच हवं का?"

"फोटोत दिसतंय."

आईने लिहिलं. ऑफिसात दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या हाताला सहीपलीकडे पेन ठाऊक नव्हतं. ओळी उतरणीला लागल्या.

सोमवारी ऑफिसात फोन वाजला की ती दचकायची. बाईंना सांगायची चार वेगवेगळी कारणं तिने तयार केली. संध्याकाळी घरी आल्या आल्या तिने भिंगरीला दारातच गाठलं.

"बाई रागावल्या?"

"नाही. हसल्या. सगळ्यांना वाचून दाखवलं. नवी ठमाबाई जास्त मजबूत आहे म्हणाल्या. मला चांदणी दिली."

तिच्या जिवात जीव आला. "आणि मला काही म्हणाल्या?"

भिंगरीने दप्तरातून शाळेची डायरी काढली. लाल शाईत लिहिलं होतं: 'झालेला प्रसंग प्रामाणिकपणे सांगितला, कौतुक वाटले. अक्षर मात्र फारच गचाळ. रोज दहा ओळी सराव करावा. पालकांनी लक्ष द्यावे.'

"अगं, ते माझं अक्षर आहे! तू सांगितलं नाहीस बाईंना?"

"सांगणार होते. पण मग सगळी मुलं तुला हसली असती."

मग भिंगरीने दुरेघी वही आईपुढे उघडून ठेवली. आईने पर्समधून पेन काढलं, तशी भिंगरीने ते हळूच काढून घेतलं आणि टोक केलेली पेन्सिल तिच्या बोटांत नीट बसवली.

"पेन नाही," ती म्हणाली. "पेन चौथीपासून."