ठेल्याचा पंचनामा

पुंजाजी काका सिनेमा बघत नाहीत, सिनेमाचा पंचनामा करतात. आणि तोही माझ्या घरात, माझ्या टीव्हीसमोर, माझ्या हक्काच्या रविवारी.

हिरो मोटरसायकलवर असतो, मागे बदमाशांच्या जीपगाड्या, गोळ्या सुटताहेत, मी खुर्चीच्या टोकावर आलेलो असतो. तेवढ्यात हिरो बाजारात घुसतो आणि एका फळांच्या ठेल्यातून आरपार जातो. झालं! काकांचा हात वर.

"थांबवा मास्तर! मागं घ्या. जायमोक्यावर पाहू द्या मले."

जायमोका, म्हणजे ठेला मोडला ती जागा, येईपर्यंत मी चित्र मागे घेतो. न घेऊन सांगतो कुणाला?

"ठेला मोडला. माल मातीत गेला. हिरोनं मागं वयून पाह्यलं का? तुमी सांगा, तुमी पंच हाय."

"नाही पाहिलं, काका."

"पाह्यलं नाही! अन् हा म्हणे गरिबाचा वाली!"

काका निवृत्त तलाठी. उभी नोकरी गारपीट, पूर आणि जळालेले गोठे यांचे पंचनामे करण्यात गेली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ देवाने आमच्या भिंतीला भिंत लावून दिला. कामरगावात एवढी घरं आहेत, पण आमच्या शेजारी हेच! वेणूकाकू गेल्यावर ते रविवारी आमच्याकडे येऊ लागले, तेव्हा मीच मोठ्या मनाने म्हणालो होतो की एकटा माणूस आहे, बसेल घटकाभर. ती घटका अजून चालू आहे.

आता माझ्याबद्दल थोडं. मी शाळेत मास्तर आहे आणि मला मारधाडीच्या सिनेमांचा शौक आहे. पण सगळं जग बघतं ते सिनेमे मी बघत नाही. मला लागतात ते कुणी न ऐकलेले. तुर्कस्तानातला मिशाळ हिरो, जो घोड्यावरून आगगाडी गाठतो. फिलिपिन्सच्या जंगलातली हाणामारी, ज्यात मेलेला माणूस पुढच्या प्रसंगात पुन्हा मार खायला हजर. हंगेरीतली ट्रामच्या टपावरची झटापट. घानामध्ये कुणीतरी आपल्याच अंगणात, शेजाऱ्यांना बदमाश करून काढलेला सिनेमा. रंग उडालेले, आवाज विहिरीतून आल्यासारखा, भाषेचा पत्ता नाही. इंटरनेटच्या सांदीकोपऱ्यातून मी हे शोधून काढतो. उभ्या वाशिम जिल्ह्यात हा नाद असलेला मी एकटाच असेन, याचा मला अभिमान होता.

तो काकांनी धुळीला मिळवला. संताप कशाचा येतो सांगू? माणूस बरोबर आहे याचा! एकदा त्यांनी दाखवल्यापासून मला दुसरं काही दिसतच नाही. देश कुठलाही असो, साल कुठलंही असो, हिरो ठेल्यातूनच जातो. तुर्काचा घोडा टरबुजांच्या ढिगातून गेला. हाँगकाँगचा पहिलवान अंड्यांच्या टोपल्यांवर पडला. इटलीचा पोलीस छोटी मोटार घेऊन पायऱ्या उतरला तो थेट फुलवालीच्या अंगावर.

"रस्ता एवढा मोठा हाय," काका कडाडले, "बाजूनं जायाले काय झालं होतं याले?"

"काका, त्याच्यामागे गुंड लागलेत."

"मंग गुंडाचा ठेला मोडा ना! फुलवालीनं काय केलं होतं?"

"पण तुम्हाला तर इटालियन कळत नाही."

"भाषा कायले समजाले पाह्यजे? नुकसान समजते ना!"

एकदा हिरोचा जिवलग मित्र हिरोच्या मांडीवर प्राण सोडत होता. काका टीव्हीच्या जवळ जाऊन बोट ठेवून म्हणाले, "त्याले मरू द्या मास्तर, थो मरतेच. त्याच्या मागं थो मडक्यावाला पाहा. एक मडकं साबूत राह्यलं नाही त्याचं." मी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. सुनंदा पदराने डोळे पुसत म्हणाली, "खरंच वो काका, बिचारा मडक्यावाला." मित्र मेला तो मेलाच, त्याच्यासाठी घरात कुणी रडलं नाही. घरचाच माणूस फितूर झाल्यावर बोलायचं कुणाशी?

हे कमी होतं म्हणून की काय, काकांची एक मागणी होती. त्यांना एकच सिनेमा हवा होता.

"असं एक पिक्चर हाय, मास्तर. त्यात हिरो वापस येते. ठेला उभा करून देते, मंगच जाते."

"कुठल्या देशाचा?"

"थे माहीत नाही. हिरोच्या गळ्यात लाल रुमाल हाय. एक मोठा पूल हाय. पुलाखाली डायिंबाचा ठेला."

रुमाल, पूल आणि डाळिंबं, एवढ्यावर जगातला सिनेमा शोधायचा! त्यासाठीच ते माझे सगळे सिनेमे बघत होते. लाल रुमाल दिसला की ताठ बसायचे, पूल नाही निघाला की मला बोलायचे. "एवढा शौक म्हणता, अन् एक पिक्चर सापडत नाही तुमाले." हे मला! ज्याने घानाचं अंगण शोधलं त्याला!

एका रविवारी माझा तोल गेलाच. मी म्हणालो, "काका, असा सिनेमा नाही. कुठलाच हिरो परत येत नाही. तुम्हाला कुणीतरी थाप मारली आहे."

काकांनी कप खाली ठेवला. मला वाटलं आता गावभर आवाज जाणार. पण ते हळूच म्हणाले, "तुमच्या काकूनं पाह्यलं होतं थे."

तेव्हा काका-काकूंचं नवीन लग्न झालेलं. दोघं पोहरादेवीच्या जत्रेला गेले होते. तिथे तंबूत कुठलातरी परदेशी फायटिंगचा सिनेमा लागला होता. शेवट जवळ आला तसे काका उठले, कारण जत्रेतली परतीची एसटी म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरायला ते पळाले. काकू शेवटपर्यंत बसून राहिल्या. आणि गाडीत त्यांनी सांगितलं की हिरो परत आला.

"मी म्हटलं, खोटारडी हाय तू. हिरो कायले येते वापस? जन्मभर भांडलो वो आमी त्याच्यावरून. भाजीत मीठ जास्त पडलं तरी मी म्हणो, बोलाव आता तुया हिरोले. थे म्हणे, येते तो, तुमीच पाह्यलं नाही." काकांनी खाली ठेवलेला कप उगीच फिरवला. "आता भांडाले बी नाही राह्यली. म्हटलं, एकडाव पाहून तं घ्यावं. खरं असंन तं उगीच खोटारडी म्हणलं ना मी तिले."

त्या दिवसापासून मी त्या सिनेमाच्या हात धुवून मागे लागलो. शाळेतून आलो की तेच. आणि गेल्या महिन्यात तो सापडला. लाल रुमाल, लांबलचक लोखंडी पूल, खाली डाळिंबांचा ठेला. भाषा कुठली ते आजही मला ठाऊक नाही.

"हाच पूल," काका म्हणाले आणि मांडी मोडून ताठ बसले. हिरोची मोटार आली, ठेला उडाला, डाळिंबं नाल्याकडे घरंगळली. काकांचा हात वर गेला नाही. मागे घ्या म्हणाले नाहीत. बदमाश मेला, हिरोइन सुटली, आणि काका एकदम उठले.

"मास्तर, मी जरा बाहेर उभा राह्यतो. तुमी पाहा."

ओसरीत जाऊन ते आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

मी आणि सुनंदा बघत होतो. हिरोने हिरोइनला मोटारीत बसवलं. मोटार त्याच पुलावरून निघाली. खाली, चित्राच्या अगदी कोपऱ्यात, ठेला तसाच उलटा पडलेला होता आणि एक माणूस सदऱ्याच्या घोळात डाळिंबं वेचत होता. हिरोने मान वळवली नाही. हसला, वेग वाढवला आणि गेला. शेवटच्या नावांच्या पाट्या सुरू झाल्या. आयुष्यात इतके बदमाश पाहिले, पण एकाचाही मला असा संताप आला नव्हता. नालायक! थांबला असता तर काय सिनेमा लांबला असता?

"आला का वो?" बाहेरून काकांनी विचारलं. मान वळवली नाही.

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी टीव्ही बंद केला.

"आला, काका."

"ठेला?"

"उभा करून दिला."

"अन् डायिंबं?"

"तेबी येचून देले," सुनंदा डोळे पुसत म्हणाली. "दोघांनी मिळून."

काका आत आले. बंद टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग सुनंदाकडे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ज्या माणसाने कुणाचं पडलेलं छप्पर मान्य केलं नाही, तो पुन्हा लावा म्हणाला नाही. खुर्चीवर बसला. बराच वेळ गुडघ्यावरून हात फिरवत राहिला.

"एसटीत तिनं बी असंच सांगतलं होतं," काका म्हणाले. "डोये पुसत पुसत."